सूतगिरणीच्या गावातला एल ग्रेको

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात तुम्ही कधी ना कधी गेला असाल. वळत जाणारा पाण्याचा ओढा, छोटे पूल, नीट राखलेली हिरवळ आणि तिच्यावर पाऊल पडलं की वाजणारी शिट्टी. या बागेचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. जपानमधल्या ओकायामा शहरात कोराकुएन नावाची तीनशे वर्षांहून जुनी बाग आहे, तिच्या धर्तीवर ही आखली. एवढं बऱ्याच पुणेकरांना माहीत असतं. त्या ओकायामाहून लोकल गाडीत बसलं की पंधरा-वीस मिनिटांत कुराशिकी येतं. आजचा विषय तिथला आहे.

कुराशिकीचा जुना भाग एका अरुंद कालव्याच्या दोन्ही काठांनी वसलेला. पाण्यावर वाकलेल्या विलोच्या फांद्या आणि ओळीनं उभी पांढऱ्या भिंतींची कोठारं. भिंतींचा खालचा भाग काळ्या चौकोनी फरश्यांनी मढवलेला, आणि फरश्यांच्या सांध्यांवर चुन्याचे जाड, फुगीर पट्टे ओढलेले. जपानी लोक याला नामाको भिंत म्हणतात. नामाको म्हणजे समुद्रकाकडी. तो पट्टा तसाच गुबगुबीत दिसतो. ‘कुरा’ म्हणजे कोठार, आणि गावाच्या नावातच ते आहे. शोगुनांच्या, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांच्या काळात हे गाव थेट त्यांच्या अंमलाखाली होतं. आसपासच्या मुलखातला तांदूळ आणि कापूस इथे यायचा, साठायचा आणि होड्यांतून पुढे जायचा.

या कौलारू वस्तीत एके ठिकाणी अचानक ग्रीक देऊळ उभं आहे. दोन उंच खांब, खांबांच्या माथ्यावर गुंडाळलेल्या कागदासारखी वळणं, वर त्रिकोणी शिखर. दाराच्या बाजूंना फ्रेंच शिल्पकार रोदँचे दोन पुतळे: एक बाप्तिस्मा देणारा योहान, दुसरा कॅले शहराचा नागरिक, गळ्यात दोर अडकवून शहराची किल्ली शत्रूच्या हवाली करायला निघालेला. आत एल ग्रेको, मोने, गोगँ, मातीस या युरोपीय चित्रकारांची चित्रं. हे ओहारा कला संग्रहालय. 1930 साली उघडलं, आणि पाश्चात्त्य कलेचं जपानमधलं हे पहिलं खासगी संग्रहालय. न्यूयॉर्कचं आधुनिक कलेचं संग्रहालय मोमा याच्यापेक्षा जेमतेम एका वर्षानं मोठं. तोक्योमध्ये सरकारला पाश्चात्त्य कलेचं राष्ट्रीय संग्रहालय उघडायला 1959 उजाडलं.

राजधानीच्या एकोणतीस वर्षं आधी एका कापूस-तांदळाच्या गावात मोने आणि एल ग्रेको कसे पोचले? हे समजून घेताना ‘संग्रह’ म्हणजे नेमकं काय, हेही आपोआप कळतं. आपल्याकडे म्युझियम म्हटलं की राजेरजवाड्यांच्या वाड्यातून उरलेल्या वस्तू डोळ्यांपुढे येतात: तलवारी, पालख्या, हत्तीचा हौदा. तो वारसा, घरात होता, म्हणून राहिला. संग्रह वेगळा. तो कोणीतरी ठरवून, निवडून, पैसे मोजून केलेला असतो. त्यामुळे भिंतीवर चित्र बघताना तीन गोष्टी विचाराव्यात: हे कोणाच्या नजरेनं निवडलं, पैसे कुठून आले, आणि कोणी बघावं म्हणून आणलं. बहुतेक मोठ्या संग्रहालयांत या तिन्हींची उत्तरं समित्या, देणग्या आणि मृत्युपत्रं यांच्या ढिगाखाली गाडलेली असतात. ओहारामध्ये ती अजून वरच आहेत. म्हणूनच मला हे संग्रहालय समजावून सांगायला सोपं वाटतं.

आधी पैसे

ओकायामाच्या दक्षिणेला उथळ समुद्र होता. शेकडो वर्षं बांध घालून, पाणी हटवून तिथे जमीन तयार केली गेली. अशी जमीन सुरुवातीला खारट असते, भात धरत नाही. कापूस मात्र खारटपणा बऱ्यापैकी सोसतो. म्हणून या पट्ट्यात कापूस आला, कापसामागून विणकाम, आणि 1888 साली कुराशिकीत सूतगिरणी उभी राहिली. ती कंपनी आजही आहे, कुराबो नावानं. गावातले मोठे जमीनदार ओहारा हे तिचे कर्ताधर्ते. (जपानी नावांत आडनाव आधी येतं, पुढे मीही तसंच लिहितोय.)

इथे आपला मुलूख या गोष्टीत थोडासा येतो. जपानच्या गिरण्या वाढल्या तसा स्थानिक कापूस त्यांना पुरेना. मग रुई मुंबईहून जायला लागली. वाहतुकीचे दर युरोपीय बोट कंपन्यांच्या मुठीत होते, म्हणून 1893 साली निप्पोन युसेन कैशा या जपानी कंपनीनं जमशेटजी टाटांशी हातमिळवणी करून मुंबई ते कोबे बोटी सुरू केल्या. जपानी कंपनीचा हा पहिला लांब पल्ल्याचा नियमित मार्ग. हिंदुस्थानची आखूड धाग्याची स्वस्त रुई आणि अमेरिकेची लांब धाग्याची महाग रुई यांचं मिश्रण करण्यात जपानी गिरण्या इतक्या तरबेज झाल्या की ज्या सुताच्या बाजारात एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांचं नाव होतं, त्याच बाजारात त्यांनी मुंबईला मागे टाकलं. गिरणगावाच्या इतिहासात ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

आता या पैशांचा वारस. ओहारा मागोसाबुरो, जन्म 1880. श्रीमंताघरचा मुलगा शिकायला तोक्योला गेला आणि शिक्षण सोडून बाकी सगळं केलं. कर्जाचा डोंगर झाला, वडिलांनी घरी बोलावून घेतलं. अशा पोरांची पुढची गोष्ट बहुधा आणखी वाईट असते. मागोसाबुरोची फिरली, कारण त्याला इशी जुजी भेटले. हे ख्रिस्ती गृहस्थ ओकायामात मोठं अनाथालय चालवत. त्यांच्या संगतीत तो बदलला, स्वतः ख्रिस्ती झाला, आणि 1906 साली गिरणीचा प्रमुख झाला तेव्हा आपल्याकडचा पैसा समाजासाठी आहे असं धरून चालायला लागला.

गिरणीत कामाला बहुतेक खेड्यांतल्या कोवळ्या मुली. एकेका खोलीत दाटीवाटीनं झोपायच्या. मागोसाबुरोनं ती मोठी वसतिगृहं मोडून छोट्या घरांसारखी राहण्याची व्यवस्था केली. पुढे 1914 मध्ये शेतीसंशोधन संस्था, 1919 मध्ये ओसाकात सामाजिक प्रश्नांची संशोधन संस्था, 1921 मध्ये श्रमविज्ञान संस्था आणि 1923 मध्ये रुग्णालय. हे रुग्णालय फक्त गिरणीवाल्यांसाठी नव्हतं, गावातल्या कोणालाही खुलं होतं. श्रमविज्ञान म्हणजे काय, तर रात्रपाळीत माणूस किती थकतो, त्या थकव्यानं शरीराचं काय होतं, हे मोजणं. आता कोणी म्हणेल, कामगार ताजातवाना राहिला तर मालकाचाच फायदा. खरं आहे. पण त्या काळात हा फायदा दिसणारे मालक फार नव्हते, आणि दिसल्यावर त्यासाठी स्वतंत्र संस्था काढणारे त्याहून कमी.

मग नजर

या माणसाला चित्रांतलं विशेष कळत होतं अशातला भाग नाही. कळत होतं त्याच्या मित्राला.

कोजिमा तोराजिरो, जन्म 1881, ओकायामाच्याच डोंगराळ भागातल्या नारिवा गावचा. तोक्योच्या कलाशाळेत शिकायला पैसे हवे होते. ओहारा घराणं हुशार मुलांना शिष्यवृत्ती द्यायचं, ती याला मिळाली. 1907 च्या तोक्यो औद्योगिक प्रदर्शनात इशींच्या अनाथालयावरचं त्याचं चित्र गाजलं आणि राजघराण्यानं ते विकत घेतलं. खूश होऊन मागोसाबुरोनं त्याला 1908 मध्ये युरोपला धाडलं. पॅरिसच्या धबडग्यात कोजिमाचं मन रमलं नाही. तो बेल्जियममध्ये गेंटला गेला, तिथल्या अकादमीतून 1912 साली पहिल्या क्रमांकानं बाहेर पडला.

या मुक्कामातलं एक चित्र संग्रहालयात शिरल्या शिरल्या समोर येतं: किमोनो घातलेली बेल्जियन मुलगी. गोरा चेहरा, अंगावर भडक फुलाफुलांचा किमोनो. लांबून नीट रेखाटलेलं चित्र वाटतं. दोन पावलं पुढे गेलात की किमोनोची फुलं विरघळून रंगाचे सुटे, जाड फटकारे उरतात. जपानी कपडा, युरोपीय मुलगी, युरोपीय हाताळणी, जपानी चित्रकार. सगळ्या संग्रहाची गंमत या एका चौकटीत आहे, आणि ते दाराशी टांगणाऱ्याला हे ठाऊक असणार.

कोजिमाला एक गोष्ट सलत होती. त्याला मूळ चित्रं बघायला मिळाली, कारण त्याच्यामागे पैसेवाला होता. जपानमध्ये तैलरंगात काम करणारी शेकडो पोरं मात्र मासिकांतल्या काळ्यापांढऱ्या छापील चित्रांवर शिकत होती. छापील चित्रातून आकृती कळते, मांडणी कळते. रंगाचा थर केवढा आहे, एका रंगाखाली दुसरा कुठला डोकावतोय, कुंचला कुठे थांबला आणि कुठे घसरला, यातलं काही कळत नाही. गाण्याचं नोटेशन वाचून राग शिकावा, तसंच ते.

म्हणून 1919 मध्ये तो पुन्हा युरोपला गेला तेव्हा त्यानं मागोसाबुरोकडे परवानगी मागितली: इथून चित्रं घेऊन येऊ का? माझ्यासाठी नको, जपानमधल्या चित्रकारांसाठी. मागोसाबुरोनं लगेच होकार दिला नाही. मग तार आली, घे, पैसे पाठवतो. या ‘चित्रकारांसाठी’मध्ये तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि संग्रह असा का दिसतो याचंही. कोजिमा गुंतवणूक करत नव्हता. भाव वाढणारी नावं शोधत नव्हता. चित्रकाराला ज्यातून काही शिकता येईल ते घेत होता.

याचा पुरावा म्हणजे संग्रहातली पहिली खरेदी, एदमाँ आमाँ-झाँ याचं ‘केस’. केसांची निगा करणाऱ्या बायका, मऊ, धूसर रंग. आमाँ-झाँ तेव्हा पॅरिसमध्ये नावाजलेला होता आणि कोजिमाच्या ओळखीचा. आज हे नाव सांगून कोणी तिकीट काढणार नाही. त्या वेळच्या चित्रकाराला काय मोलाचं वाटत होतं हे अशाच चित्रांतून कळतं, म्हणून मी अशा चित्रांपुढे जरा जास्तच रेंगाळतो. फक्त जिंकलेल्यांची चित्रं लावली की इतिहास खोटा पडतो.

मोनेचं चित्र घ्यायला तो थेट जिव्हर्नीला, मोनेच्या घरी गेला. म्हातारा मोने तेव्हा सहज चित्र विकत नव्हता. पण पाहुणा जपानहून आलेला, आणि मोनेच्या भिंती जपानी लाकडी ठशांच्या चित्रांनी भरलेल्या. दोनशेहून अधिक होती त्याच्याकडे. ज्या तळ्यातली कमळं तो रंगवायचा त्या तळ्यावरचा पूलसुद्धा जपानी घाटाचा. कोजिमाला 1906 च्या सुमाराचं ‘जलकमळं’ मिळालं. जपानची चित्रं एकोणिसाव्या शतकात पॅरिसला गेली, तिथल्या चित्रकारांना क्षितिज वर ढकलायला, चौकट मध्येच कापायला, सपाट रंग लावायला शिकवून गेली, आणि त्यातून जे तयार झालं ते शिकायला आता एक जपानी चित्रकार मोनेच्या दाराशी उभा. मातीसकडूनही त्यानं असंच प्रत्यक्ष भेटून त्याच्या मुलीचं व्यक्तिचित्र आणलं.

1921 साली ही खेप कुराशिकीत पोचली तेव्हा संग्रहालय वगैरे काही नव्हतं. गावच्या प्राथमिक शाळेत चित्रं टांगली, काही दिवसांचं प्रदर्शन भरवलं. लांबलांबून लोक आले, त्यांत चित्रकलेचे विद्यार्थी पुष्कळ. हा प्रतिसाद बघून मागोसाबुरोच पेटला आणि 1922 मध्ये कोजिमाला पुन्हा धाडलं, आता खास खरेदीसाठीच.

एल ग्रेको

याच फेरीत पॅरिसच्या एका दालनात कोजिमासमोर एल ग्रेकोचं ‘शुभवार्ता’ आलं. आज त्याच्यासाठी संग्रहालयात स्वतंत्र खोली आहे, म्हणून थोडं सविस्तर.

एल ग्रेको म्हणजे नुसतं ‘ग्रीक माणूस’. खरं नाव डोमेनिकोस थेओटोकोपुलोस, क्रीट बेटावरचा. आयुष्य घालवलं स्पेनमध्ये तोलेदोला. तिथल्यांना नाव उच्चारायचा कंटाळा, म्हणून ग्रीक. 1614 साली वारला आणि नंतर दोन-अडीच शतकं जवळजवळ विस्मृतीत गेला, कारण त्याची माणसं लांबुडकी, ओढलेली, ज्योतीसारखी हलणारी. नीटनेटक्या आवडीच्या लोकांना ती विचित्र वाटायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्या चित्रकारांना तोच विचित्रपणा आपला वाटायला लागला. म्हणून त्याची चित्रं पुन्हा बाजारात फिरायला लागली होती, आणि म्हणूनच आधुनिक चित्रं निवडायला आलेल्या कोजिमाला हे तीनशे वर्षांपूर्वीचं चित्र परकं वाटलं नाही.

विषय बायबलमधला: देवदूत गॅब्रिएल मरियमला सांगतो की तुला मुलगा होणार. चित्र मोठं नाही, उंची एका मीटरहून थोडी जास्त. डावीकडे मरियम, तिच्यापुढे वाचायचं पुस्तक. ती वाचत होती, आणि आता मान वळवून वर बघते आहे. उजवीकडे ढगावर उतरलेला देवदूत, हातात लिलीचं फूल. दोघांच्या मधून प्रकाश फाडत येणारं कबुतर. खोली, भिंत, खिडकी काही नाही, फक्त ढग आणि उजेड. मरियमच्या अंगावरचं निळं वस्त्र बघा. त्याच्या घड्या कापडाच्या घड्यांसारख्या पडत नाहीत, विजेसारख्या चमकून जातात. घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी जसं दिसेल तसं ते आहे.

कोजिमाला ते घ्यायचंच होतं, पण किंमत त्याच्या पोचेबाहेरची. त्यानं फोटो पाठवून मागोसाबुरोला विचारलं आणि होकार आला. एल ग्रेकोची चित्रं जपानमध्ये आज दोनच आहेत: एक तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात, दुसरं या गावात.

याच फेऱ्यांतून आलेली आणखी दोन चित्रं सांगतो. एक गोगँचं, 1892 चं. ताहितीच्या झाडीत उभी एक निर्वस्त्र तरुणी, फूल खुडायला हात पुढे केलेला, कानाशी लाल पंखांचा सरडा. ही गोगँची हव्वा. सापाच्या जागी सरडा, सफरचंदाच्या जागी फूल. तिची उभी राहण्याची ढब कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते ना? गोगँकडे जावातल्या बोरोबुदूर या बौद्ध स्तूपावरच्या शिल्पपटांचे फोटो होते, तिथून ती ढब घेतली आहे. वेरूळ-अजिंठा बघितलेल्या डोळ्यांना ती ओळखीची वाटली तर चूक नाही, मूळ घराणं तेच. जाता जाता तिच्या पायाची बोटं मोजा. पाचावर थांबत नाहीत.

दुसरं इटलीकडच्या सेगांतिनीचं ‘आल्प्समधली दुपार’. झाडाला टेकून उभी मेंढपाळीण, आजूबाजूला मेंढ्या, डोंगरावरचं डोळे दिपवणारं ऊन. सेगांतिनी रंग मिसळत नाही. निळा, पिवळा, हिरवा अशा बारीक रेघा शेजारी शेजारी ओढत जातो, आणि लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यांत त्या मिसळतात. साधं सांगायचं तर धूपछाव साडीसारखं. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. जवळून दोन्ही धागे वेगळे दिसतात, लांबून तिसराच रंग झळकतो. सूतगिरणीच्या पैशातून घेतलेलं हे चित्र सुतासारखं विणलेलं आहे. हा योगायोगच, पण मला आवडतो.

जे फुटलं आणि जे टिकलं

त्याच वर्षांत आणखी एक जपानी माणूस युरोपात चित्रं घेत फिरत होता. कोबेचा जहाजबांधणी कारखानदार मात्सुकाता कोजिरो. कोजिमानं मोजकी चित्रं घेतली, तर मात्सुकातानं हजारांवर वस्तू. तोही देशासाठी संग्रहालय उभारणार होता. पण 1923 च्या भूकंपानंतर जपाननं चैनीच्या आयात वस्तूंवर शंभर टक्के कर बसवला, चित्रंही त्यात आली. मात्सुकातानं बराच माल लंडन-पॅरिसमध्येच ठेवला. 1927 च्या आर्थिक संकटात कंपनी अडचणीत आली, जपानमधली चित्रं विकली गेली. लंडनच्या गोदामातली 1939 साली जळाली. पॅरिसमधली दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सनं शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतली. त्यातली बहुतेक पुढे परत दिली, पण त्यांच्यासाठी खास संग्रहालय बांधा या अटीवर. तेच तोक्योचं 1959 चं राष्ट्रीय संग्रहालय.

कोजिमाचा संग्रह छोटा होता, घेतल्यावर लगेच गावी येत होता, म्हणून वाचला. तिजोरीपेक्षा भिंत सुरक्षित निघाली.

कोजिमा स्वतः फार जगला नाही. तोक्योच्या मेईजी स्मृतिचित्र दालनासाठी भल्यामोठ्या चित्रावर काम करताना प्रकृती ढासळली आणि मार्च 1929 मध्ये, पन्नाशीच्या आत तो गेला. मागोसाबुरोनं मित्राचं स्मारक म्हणून संग्रहालय बांधायचं ठरवलं. मंदीचे दिवस, गिरणीची परिस्थिती बेताची. वास्तुशिल्पी याकुशिजी काझुए यांनी ग्रीक देवळाचा आराखडा केला, आणि नोव्हेंबर 1930 मध्ये दार उघडलं. समोरच्या कालव्यावरचा दगडी पूल आधीच झालेला होता. त्याच्या कठड्यांवर ड्रॅगन कोरले आहेत. आराखडा कोजिमाचा, मागोसाबुरोचा जन्म ड्रॅगनच्या वर्षातला. बहुतेक पर्यटक या पुलावर उभे राहून संग्रहालयाचा फोटो काढतात आणि पायाखालचा पूल बघत नाहीत.

सुरुवातीला संग्रहालयात चिटपाखरू फिरकायचं नाही असे दिवस जात. 1932 मध्ये, जपाननं चीनचा मांचुरिया प्रांत बळकावल्याची चौकशी करायला राष्ट्रसंघानं नेमलेल्या लिटन आयोगाचे लोक इथे येऊन गेले आणि एल ग्रेको बघून थक्क झाले. त्यावरून पुढे गावात दंतकथा पसरली की या चित्रांमुळेच महायुद्धात कुराशिकीवर बॉम्ब पडले नाहीत. गोष्ट ऐकायला छान आहे. पण आज कुराशिकीतच मोडणाऱ्या मिझुशिमाच्या विमान कारखान्यावर जून 1945 मध्ये बॉम्ब पडले, आणि त्याच महिन्यात ओकायामा शहर जळालं. कालव्याकाठच्या कोठारांत शत्रूला पाडण्याजोगं काही नव्हतं, हे कारण मला जास्त पटतं.

कोठारांतली मडकी

मागोसाबुरो 1943 मध्ये वारला. मुलगा सोइचिरो वेगळ्या घडणीचा: कृत्रिम धाग्यांचा कारखानदार, संगीताचा वेडा. बापाच्या संग्रहाला हात न लावता जपून ठेवणं सोपं होतं. त्यानं तसं केलं नाही. पिकासो आणला, अमेरिकेच्या जॅक्सन पोलॉकचं कॅनव्हास आणलं. 1961 मध्ये जपानी चित्रकारांसाठी वेगळी इमारत उभी राहिली. संग्रहातल्या जपानी चित्रांपैकी सेकिने शोजीचं ‘श्रद्धेचं दुःख’ चुकवू नका. हातात फळं धरून ओळीनं चाललेल्या बायका, कोणी कोणाकडे बघत नाही. 1918 साली हे रंगवलं तेव्हा सेकिने एकोणीस वर्षांचा होता आणि विसाव्या वर्षी गेला.

पण सोइचिरोनं केलेलं सगळ्यात मोलाचं काम मुख्य इमारतीच्या मागे आहे. ओहारांची भाताची जुनी कोठारं होती, त्यांत त्यानं कारागिरीचं दालन केलं. त्यासाठी ‘मिंगेई’ म्हणजे काय ते सांगायला हवं. 1925 च्या सुमारास यानागी सोएत्सु या विचारवंतानं आणि त्याच्या कुंभार मित्रांनी हा शब्द घडवला. मिन म्हणजे लोक, गेई म्हणजे कला. त्याचं म्हणणं असं की सौंदर्य शोधायला उमरावांच्या चहाच्या कपाकडे जायची गरज नाही. भात खायचा वाडगा, लोणच्याची बरणी, हमालाची बंडी, जे रोज वापरलं जातं, ज्यावर कारागिराचं नाव नसतं, त्यातच ते असतं. आपल्याकडचं घासून पातळ झालेलं उलथनं किंवा आजीचा पाटा आठवला की हे लगेच कळतं. मागोसाबुरोला हे इतकं पटलं होतं की तोक्योत 1936 साली उघडलेल्या लोककला संग्रहालयासाठी त्यानं एक लाख येन दिले.

कोठारांच्या दालनात हामादा शोजी, कावाई कांजिरो, तोमिमोतो केनकिची आणि हामादाला बरोबर घेऊन इंग्लंडला गेलेला बर्नार्ड लीच यांची भांडी आहेत. आतली मांडणी सेरिझावा केइसुके या कापडछपाईच्या कारागिरानं ठरवली. पाश्चात्त्य चित्रांच्या दालनातून इथे आलं की चालच मंदावते. इथे एक अडचण मात्र जाणवते, ती यानागीलाही चुकली नाही: ज्या विचारात नाव नसलेला कारागीर थोर, त्या विचाराचं दालन चार नामवंत कुंभारांच्या नावांनी ओळखलं जातं. आणि वापरायची भांडी काचेमागे बसली आहेत.

मुनाकाता शिकोची लाकडी ठशांची चित्रंही इथेच. याची नजर इतकी अधू की नाक फळीला टेकवून कोरायचा, भराभर, कोणी मागे लागल्यासारखा. 1956 च्या व्हेनिस द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात मुद्राचित्रणाचं मोठं पारितोषिक त्यानं मिळवलं. त्याची सगळ्यात गाजलेली मालिका बुद्धाच्या दहा प्रमुख शिष्यांची: सारिपुत्त, मोग्गलान, आनंद, राहुल. काळ्या शाईत, जवळजवळ मीटरभर उंच, अरुंद चौकटींत उभे, कोणी हात जोडलेले, कोणी मान वाकडी केलेली, चेहरे पार जपानी खेडुतांचे. नावं वाचली की मराठी माणूस जरा थबकतोच. ही सगळी मंडळी आपल्या ओळखीची, फक्त इतक्या लांब, भाताच्या कोठाराशी गाठ पडेल अशी अपेक्षा नसते.

अंगणातल्या तळ्यात जिव्हर्नीहून, मोनेच्या बागेतून आणलेली कमळं लावली आहेत. उन्हाळ्यात गेलात तर फुललेली दिसतील.

एक तिकीट, दोन-तीन तास. नंतर निघायची घाई नसेल तर तिथून थोडं चाललं की लाल विटांची एक मोठी इमारत लागते, भिंती हिरव्यागार वेलींनी झाकलेल्या. ही ओहारांची मूळ सूतगिरणी, 1889 मध्ये बांधलेली. त्याआधी त्या जागी शोगुनांच्या अधिकाऱ्याची कचेरी होती. 1974 पासून तिथे हॉटेल आणि दुकानं आहेत, आणि वेलीसमोर उभं राहून फोटो काढायला गर्दी असते. ती वेल शोभेसाठी लावलेली नव्हती. उन्हाळ्यात चात्यांच्या खोल्या तापायच्या, आत मुली काम करायच्या, म्हणून भिंतींवर सावली धरायला ती चढवली होती.